चिलापी (तिलापिया मासा) आमिष टिकू देत नाही, काय करावं?

प्रश्न: पंचगंगेत रोहूसाठी कणीक लावून गळ टाकला की दोन मिनिटांत चिलापी टोचून टोचून गळ मोकळा करते. उपाय सांगा.

उत्तर १: कच्ची कणीक नकोच. घट्ट मळून बोराएवढ्या गोळ्या पाच मिनिटं उकडा, सुटत नाहीत. गळ दहा नंबरऐवजी चारचा घ्या (नंबर कमी तेवढा गळ मोठा). काठालगत टाकू नका, चिलापी उथळात जास्त.

उत्तर २: चिलापी गळाला लागलीच तर परत सोडू नका राव. १९५२ ला देशात आणलेला परका मासा. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं भरमसाट जगतात. गळ काढताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचे काटे दाबा, नाहीतर तळहात फाटतो.

उत्तर ३: शिव्या कशाला? हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मातकट वास कमी होतो. मग कांदा-लसूण चटणी आणि तवा.