उत्तर: ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का?

वर कुणीतरी म्हटलंय की ४२९४९६७२९७ (२ चा ३२ वा घात अधिक १) मूळ संख्या असावी, कारण लहान संख्यांनी भाग जात नाही. फर्मा या गणितज्ञालाही १६४० मध्ये तसंच वाटलं होतं, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका! २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत. ही सहावी मात्र फसवते: ६४१ × ६७००४१७. ऑयलर या गणितज्ञाने हे १७३२ मध्ये दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येतो. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते, कॅल्क्युलेटर हवाय कशाला?

भागाकारही नको असेल तर हे बघा. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × (२ चा ७ वा घात) याला ६४१ ने भागलं की बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालतं. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवा, बाकी शून्य.