गाण्याच्या सुरुवातीचा पावलांचा आवाज कसा काढलाय?

ढोलकी_अमळनेर: राम राम मंडळी. भाच्यानं मोबाइलवर एक पोर्तुगीज गाणं ऐकवलं, ‘ग्रांदोला, विला मोरेना’. सुरुवातीला वाद्य नाहीच, नुसती पावलं. चर्र, चर्र. मग एकटा गातो, मागून बाकीचे. आमच्या कलापथकाला गिरणीवरच्या नाटकात असंच हवंय. बोरीच्या कोरड्या पात्रात चालून मोबाइलवर घेतलं, तर वाळूनं आवाजच गिळला. काय करावं?

तापीकाठ: भो, वाळू नको, खडी घे. गाणं गायक जुझे अफोंसूचं, पण त्याची बांधणी जुझे मारियू ब्रांकूची. हा ब्रांकू पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरातला पोरगा. आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धात लढायचं नाही म्हणून 1963 मध्ये फ्रान्सला निघून गेला तो 11 वर्षं तिकडेच. 1971 मध्ये अफोंसूची तबकडी त्यानंच पॅरिसजवळच्या एरूव्हिलच्या वाड्यात ध्वनिमुद्रित केली. रात्री बाहेर खडीवर चौघं चालले, माइक समोर. पावलं घासत टाकलीत, आपटत नाहीत. दक्षिण पोर्तुगालमधल्या अलेंतेजूकडचे शेतमजूर एकमेकांच्या हातात हात अडकवून, हळूहळू डुलत असंच गातात.

चोपडेकर: 25 एप्रिल 1974 ला मध्यरात्रीनंतर लिस्बनच्या रेडिओवर बंड करणाऱ्या सैनिकांना इशारा म्हणून लागलं, तेच ना हे गाणं?

तापीकाठ: तेच. पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि थोड्याच दिवसांत ब्रांकू मायदेशी परतला. 2019 मध्ये गेला. त्याची स्वतःची पहिली मोठी तबकडीही 1971 चीच, तीसुद्धा ऐका. तिचं नावच कामोइश या कवीच्या सुनीताची (चौदा ओळींच्या कवितेची) ओळ: काळ बदलतो, तशा इच्छा बदलतात. हा कामोइश सोळाव्या शतकातला, आपल्या गोव्यात राहून गेलेला. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला फक्त गोव्यातली त्यांची सत्ताच आठवते. त्यांच्यातही असले लोक होते, हे मला पन्नाशीत कळलं.

ढोलकी_अमळनेर: काल रात्री केळीच्या बागेजवळच्या खडीच्या रस्त्यावर पुन्हा घेतलं. स्लिपरा फटफट वाजतात म्हणून दोघांनी सासऱ्यांचे जोडे आणले. आवाज जमला. फक्त चौथा गडी दर वेळी अर्धं पाऊल आधी पडतो. त्याला आता मधे घेतलाय, दोन्हीकडून दंड धरून.