ब्लेंडेड विंग विमानात कडेच्या सीटवर किती हेलकावा बसेल?

प्रश्न:
ब्लेंडेड विंग बॉडीची, म्हणजे पंख आणि धड एकसंध असलेल्या विमानाची, केबिन रुंद असते. कडेची सीट मध्यरेषेपासून ८ मीटर धरली आणि विमान वळताना २५ अंश कललं, तर ती सीट जवळजवळ ३.४ मीटर वर किंवा खाली जाते. प्रवाशाला नेमकं काय जाणवेल? रोलचा, म्हणजे कडेला कलण्याचा, वेग मर्यादित केला की भागेल का?

वातकुक्कुट:
३.४ मीटर हा आकडा भीतीदायक वाटतो, पण शरीराला अंतर कळत नाही, त्वरण कळतं. वळण समतोल असेल, म्हणजे शरीर कडेला न ढकललं जाता सरळ सीटमध्येच दाबलं जात असेल, तर कललेपणही फारसं जाणवत नाही. त्रास होतो तो कलायला सुरुवात करताना आणि थांबताना.

हिशोब करा. रोलचा वेग १ सेकंदात शून्यावरून ५ अंश प्रतिसेकंद झाला, तर ८ मीटरवर ०.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे ०.०७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). नेहमीच्या अरुंद विमानात खिडकीची सीट दीड-पावणेदोन मीटरवर असते. तिथे हेच ०.०१५ जीच्या आसपास येतं. म्हणून फक्त कमाल वेगाला लगाम घालून उपयोग नाही, वेग *चढण्याचा* दर आवरायला हवा. तोच वेग २ सेकंदांत गाठला तर झटका निम्मा, आणि २५ अंश कलायला ६ ऐवजी ७ सेकंद. हा सौदा मी डोळे झाकून करेन. मात्र ही मर्यादा नेहमीच्या वळणांपुरतीच. आडव्या वाऱ्यात उतरताना वैमानिकाला पूर्ण रोल मिळालाच पाहिजे.

एलेव्हॉन:
वळणं आवरता येतील, झुळका नाही. पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन कमी, म्हणून त्याच झुळकेने हे विमान जास्त उसळतं. त्यात नाक सावरायला शेपूट नाही. उसळी दाबायला मागचे एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर उचलले की उचल लगेच घटते खरी, पण नाकही वर होतं आणि घटलेली उचल परत येते. झुळकेची चाहूल आधी देणारा सेन्सर आणि त्या पट्ट्या हलवणारे वेगवान अ‍ॅक्च्युएटर लागतात ते यासाठी.

मळमळ सर्वाधिक ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ५ सेकंदांच्या झोक्याला. एक्स-४८बी हे ब्लेंडेड विंग विमानाचं उडतं चाचणी मॉडेल ८.५ टक्के मापाचं होतं. अशा मॉडेलच्या हालचाली सुमारे ३.४ पट जलद असतात, त्यामुळे त्यात दीड सेकंदाचा दिसणारा झोका पूर्ण आकारात बरोबर त्याच पट्ट्यात येऊन बसतो. व्हिडिओ पाहून 'स्थिर दिसतंय' म्हणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा.

प्रश्नकर्ता:
खिडक्यांऐवजी स्क्रीन लावले तर?

वातकुक्कुट:
कॅमेरा विमानाला घट्ट जोडलेला हवा. चित्र स्थिर करणारी सोय चालू ठेवली तर विमान कलतं, क्षितिज मात्र स्क्रीनवर सरळच राहतं. कान एक सांगतात, डोळे दुसरं, मळमळ वाढते. चित्र उशिरा पोहोचलं तरी तेच.

एलेव्हॉन:
आणि कडेला सीट कशाला? स्वच्छतागृहं, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर), सामान तिकडे ढकला. फक्त बाहेर पडायच्या वाटा अडू देऊ नका: निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं करून दाखवावं लागतं, आणि रुंद केबिनमध्ये मधल्या रांगांपासून दार आधीच लांब असतं.