पंचवीस मीटरसाठी पहिले स्वतःचे पिस्तूल : साइट, मूठ आणि ट्रिगर कसे निवडावे?

नाशिकची_नेमबाज

नमस्कार. गेली सहा वर्षे मी दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात खेळते आणि दोन वर्षांपासून क्लबच्या पिस्तुलावर २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचा सराव करते. आता परवाना हाती आला असून ०.२२ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल मागवायचे आहे. पार्दिनी एसपी जवळपास निश्चित झाले आहे; वाल्थर एसएसपीही एकदा हाताळले होते, पण मन पहिल्यावरच बसले. अडचण पुढे सुरू होते. विक्रेत्याने पाठवलेल्या अर्जात फ्रंट साइट ४, ४.५ की ५ मि.मी. रुंदीची, मूठ कोणत्या मापाची, ट्रिगर यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक, नळीला लावायची जादा वजने हवीत की नकोत, असे रकाने आहेत. आयातीच्या कागदपत्रांचा व्याप पाहता चुकीचा भाग आला तर तो बदलून घेण्यात वर्ष जाईल, ही धास्ती आहे.

माझे वय ४३ आहे आणि गेल्या दिवाळीपासून वर्तमानपत्र थोडे लांब धरावे लागते. प्रिसिजनच्या, म्हणजे निवांत नेम धरायच्या तीस गोळ्यांत मी ३०० पैकी २७८ च्या आसपास असते. रॅपिडमध्ये, म्हणजे दर गोळीला तीनच सेकंद मिळतात त्या तीस गोळ्यांत मात्र २६२ च्या वर जात नाही, कारण तेवढ्यात मागच्या रिअर साइटच्या खाचेत माशी, म्हणजे नळीच्या टोकाची फ्रंट साइट, कुठे आहे हेच नीट दिसत नाही. हा दोष साइटचा, डोळ्यांचा की माझाच, हेही कळत नाही.

वरळीचा_जुना

ताई, रकाने भरण्याआधी शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी घ्या. रेंजवर, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) लावून नेहमीसारखा हात उचला आणि डोळ्यापासून रिअर साइटपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. फ्रंट साइटची रुंदी या अंतराशिवाय ठरवताच येत नाही, पण बहुतेक जण शेजारच्या लेनवरचा काय वापरतो हे पाहून आकडा टाकतात.

समजा हे अंतर ६६ सें.मी. आले. नियमाप्रमाणे या प्रकारात दोन्ही साइटमधले अंतर २२० मि.मी. पेक्षा जास्त असू शकत नाही; ते पूर्ण धरले तर माशी डोळ्यापासून ८८ सें.मी. वर येते. म्हणजे ४ मि.मी. ची माशी खाचेच्या जागी ३ मि.मी. एवढीच दिसेल आणि ४.५ ची ३.४ मि.मी. दिसेल. आता खाच ३.४ मि.मी. ची असेल आणि माशी ४ ची, तर दोन्ही बाजूंना उजेडाची जी रेघ उरते ती जेमतेम ०.२ मि.मी. ची. प्रिसिजनच्या फेरीत पाच गोळ्यांना पाच मिनिटे असतात, तिथे एवढ्या बारीक रेघेवर काम निभावते. पण ४५ अंशांवरून हात उचलून तीन सेकंदांत गोळी सोडायची असते तेव्हा ती रेघ डोळ्याला सापडतच नाही. तुमचे २६२ इथेच अडकले असावेत, असा माझा अंदाज आहे.

एअर पिस्तुलाची सवयही इथे आडवी येते. दहा मीटरवर काळे वर्तुळ ५९.५ मि.मी. चे असते आणि त्या पिस्तुलाच्या दोन साइटमधले अंतर सुमारे ३३ सें.मी. धरले तर ४.५ मि.मी. ची माशी त्या वर्तुळाच्या तीन चतुर्थांशाएवढी दिसते. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर काळे २०० मि.मी. चे आहे आणि तीच माशी त्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडी कमी भरते. म्हणून एअरवरून येणाऱ्या प्रत्येकाला इथली माशी बारीक वाटते आणि तो घाईने ५ ची मागवतो. रॅपिडच्या टार्गेटवर तर काळे ५०० मि.मी. चे, म्हणजे काळ्यावर काळी माशी धरायची असते. तिथे माशी रुंद करून फारसे साधत नाही, खाच रुंद आणि खोल करून साधते.

माझे मत असे की ४.५ ची माशी घ्यावी, सोबत ४ ची सुटी मागवावी, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ज्या रिअर साइटची खाच स्क्रूने रुंद-अरुंद करता येते ती घ्यावी. लाल ठिपक्याची ऑप्टिकल साइट किंवा चकाकणाऱ्या फायबरची माशी कितीही मोहात पाडत असली तरी आपल्या प्रकारात उघड्या, काळ्या साइटच चालतात.

चाळीशीचा_चष्मा

वरचे गणित बरोबर आहे, पण डोळ्याचा प्रश्न साइट रुंद करून सुटणार नाही. आपले लक्ष्य स्पष्ट दिसत असेल आणि माशी धूसर, तर कोणतीही रुंदी धूसरच दिसेल. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना माशीपर्यंतचे अंतर लिहून न्या आणि वाचण्याचा नव्हे तर त्या अंतराचा चष्मा हवा असल्याचे स्पष्ट सांगा. दूरचा नंबर असेल त्यात साधारण +०.५० ते +०.७५ मिळवून काम होते. त्याहून जास्त नंबर दिला तर माशी कोरीव दिसते, पण टार्गेटचे नुसते ढग होतात. मी पहिल्यांदा घरचाच प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरला आणि मान वाकडी करून माशी शोधत बसलो. भिंग नेमबाजीच्या फ्रेममध्ये बसवता येते. पिस्तुलावर मात्र कोणतेही भिंग बसवता येत नाही. दुसरा डोळा मिटू नका. त्या डोळ्यापुढे लावायची पट्टी ३० मि.मी. रुंदीपर्यंत नियमात बसते.

करवीर_२५मी

आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवल्यापासून इथे दर आठवड्याला कोणी ना कोणी हाच अर्ज घेऊन येते, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. सगळे साइटवर अडकतात आणि मूठ शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात. मला हे उलटे वाटते.

माशी खाचेत ०.१ मि.मी. सरकली तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११ मि.मी. सरकते, आणि प्रिसिजन टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचे आहे. हे सरकणे मनगटातून येते आणि मनगट मुठीमुळे चुकते. साधी परीक्षा अशी : डोळे मिटून हात उचलावा, श्वास थांबवावा, मग डोळे उघडावेत. माशी दर वेळी खाचेच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसत असेल, तर रिअर साइट फिरवून काही होत नाही. मूठ तासावी लागते.

म्हणून दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठे माप घ्या. लाकूड कानशीने आणि पॉलिश पेपरने कमी करता येते. पुट्टी भरून वाढवताही येते, पण घामाने ती सुटते. तासताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा : तळहाताखालची सरकती पट्टी मनगटाला आधार देता कामा नये, आणि सगळे पिस्तूल ३०० × १५० × ५० मि.मी. च्या तपासणी-खोक्यात बसले पाहिजे. हौसेने अंगठ्यासाठी जाड कठडा करणारे लोक त्या ५० मि.मी. वर अडकतात आणि मग स्पर्धेच्या सकाळी पार्किंगमध्ये कानस चालवतात. ते दृश्य मी पाहिले आहे. कानस माझ्याच हातात होती.

नळीची वजने आत्ता घेऊ नका. मर्यादा १४०० ग्रॅमची आहे म्हणून तेवढे वजन उचललेच पाहिजे असे नाही. साठ गोळ्या वजने न लावता मारून पाहा; शेवटच्या दहांत खांदा शिल्लक असेल, तरच विचार करा.

यंत्रशाळा

ट्रिगरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दर वेळी अगदी सारखा सुटतो आणि कोऱ्या सरावाला (गोळी न भरता ट्रिगर दाबण्याच्या सरावाला) सोयीचा असतो, हे मान्य आहे. परंतु २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीत बिघाड झाला (सुरुवातीच्या बातम्यांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा उल्लेख होता), दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि त्या ५७५ गुणांवर बाराव्या राहिल्या. त्यांच्याजवळ प्रशिक्षक होते, बदली पिस्तूल होते. आपल्यासारख्यांना एक सुटा भाग मागवायला परदेशी पत्र लिहावे लागते. माझा कौल यांत्रिक ट्रिगरलाच आहे.

या प्रकारात ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम असावा लागतो. पिस्तूल नळी वर करून उभे धरतात आणि ट्रिगरने हजार ग्रॅमचे वजन उचलून पाहतात. नवीन स्प्रिंग थोडी बसते, म्हणून सुरुवातीला १०४० च्या आसपास ठेवा आणि पहिल्या काही शे गोळ्यांनंतर पुन्हा मोजा. एअरच्या ५०० ग्रॅमवरून येताना हा भार दुप्पट वाटेल. त्याची सवय होते.

नाशिकची_नेमबाज

सर्वांचे मनापासून आभार. काल रेंजवर मोजले, आणि गंमत म्हणजे डोळ्यापासून रिअर साइट खरोखरच ६६ सें.मी. वर आली. क्लबच्या पिस्तुलाची खाच व्हर्नियरने मोजली तर ३.४ आणि माशी ४ मि.मी. ची निघाली, म्हणजे मी दोन वर्षे त्या ०.२ मि.मी. च्या रेघेत डोळे घालत होते.

प्रशिक्षकांच्या परवानगीने आणखी एक प्रयोग केला. दुसऱ्या एका पिस्तुलावर ४.५ ची माशी होती. त्याची खाच आम्ही ४.४ पर्यंत उघडली, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा मि.मी. उजेड. प्रिसिजनमध्ये काही फरक पडला नाही, उलट पहिल्या सिरीजला थोडे सैलच वाटले. रॅपिडच्या पाच-पाच गोळ्यांच्या पहिल्या तीन सिरीज ४४, ४६, ४७ अशा गेल्या. एका दिवसावरून निष्कर्ष काढणार नाही, पण हात वर येता येताच दोन पांढऱ्या रेघा दिसत होत्या, हे माझ्यासाठी नवीन होते.

मुठीबाबत मात्र करवीर यांची परीक्षा मी नापास झाले. दहापैकी आठ वेळा माशी डावीकडे. तेव्हा मोठे माप मागवून तासून घेणार. ट्रिगर यांत्रिक, वजने नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे. एक शंका उरली : दुपारी आमच्या रेंजवर ऊन तिरपे येते आणि माशीची उजवी कड चकाकते. त्यावर काही उपाय आहे का?

वरळीचा_जुना

कापूर. पिस्तूल रिकामे आणि तेल पुसलेले असावे, काडतुसे व दारू आसपास नसावी, आणि देव्हाऱ्यातल्या कापराची एक वडी बशीत पेटवून तिच्या धुराच्या टोकाशी माशी आणि रिअर साइटची पाठ काही क्षण धरावी. मखमलीसारखी काळी, जराही न चमकणारी काजळी धरते. बोट लागले की पुसली जाते, म्हणून हे काम फेरीआधी शेवटी करायचे. साइटवर कापडाची किंवा पुठ्ठ्याची सावली मात्र बांधू नका, आच्छादन नियमात बसत नाही.

आणि अर्जात अजून एक रकाना असेल, सुट्या भागांचा. दोन जादा मॅगझिन, एक फायरिंग पिन, एक रिकॉइल स्प्रिंग तिथेच लिहून टाका. कोऱ्या सरावासाठी पिस्तुलात वेगळी सोय आहे का, हेही विक्रेत्याला विचारा. नसेल तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) मागवा, नाहीतर ०.२२ ची पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड दबते आणि मग काडतुसे अडकू लागतात.