डोंबिवलीचा जुना फ्लॅट विकला जात नाहीये, काय करू?

मंडळी, डोंबिवली पूर्वेला आईबाबांचा वनबीएचके विकायचाय, स्टेशन चालत अंतरावर पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, लोक येतात, वारा छान येतो म्हणतात आणि जातात ते परत फोनच नाही. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते, एजंट म्हणतो वरून रंग मारून टाका, पण भिंत सुकल्याशिवाय मारलेल्या रंगाचे पोपडे निघणारच ना, आणि घेणाऱ्याला फसवायचं पण नाहीये. पितृपक्षात तसंही कोणी बघायला येत नाही म्हणून दसऱ्याआधी काम उरकायचंय. बजेट लाखाच्या आत. आधी बाहेरून क्रॅक भरून वॉटरप्रूफिंग करू की किचनचा ओटा नि नळ बदलू? मोझॅकच्या लाद्या पॉलिश करून चालतील का? आणि सामान ठेवून दाखवावं की रिकामं? (आई कपाट हलवू देत नाहीये!)