उतारावर, झाडांमध्ये ३५० चौरस फुटांचं घर : हलतं किती ठेवायचं?

बिऱ्हाडपाठीवर

मंडळी, एकच नकाशा तीन महिने घासतोय. आता त्यातलं चूक काय नि बरोबर काय, मलाच दिसेनासं झालंय.

जागा उताराची. चार मोठी झाडं, खाली ओढा. घर ३५० चौरस फूट, त्याहून मोठं करायचं नाही हे ठरलेलं. राहणार मी, बायको आणि अकरा वर्षांची लेक. वर्षातले तीन-चार महिने आई. म्हणजे घर कधी तिघांचं, कधी चौघांचं, आणि सात-आठ वर्षांनी बहुधा दोघांचंच. म्हणून मी सगळंच हलतं ठेवलंय. पलंग घडी होऊन भिंतीत जातो, टेबल त्याच्याच पाठीला, मधल्या दोन्ही भिंती सरकत्या. बायकोनं नकाशा पाहिला आणि म्हणाली, "घर आहे की जादूगाराची पेटी?" तिथून शंका सुरू झाली.

इतकं हलतं घर रोजच्या राबत्यात टिकतं का? आणि झाडं न तोडता पाया कसा घ्यावा? भेटेल तो जागा सपाट करून घ्या म्हणतो. मला ते नको वाटतं.

वळचण

नऊ वर्षं ३२० चौरस फुटांत राहते आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे. वहिनी बरोबर बोलल्या.

आमचाही पलंग घडीचा. शेवटचा कधी घडी केला ते आठवत नाही. पहिला महिना हौसेनं रोज सकाळी गादीचे पट्टे आवळले, पांघरुणं माळ्यावर फेकली, वरची खिटी लावली. मग नवऱ्याला ताप आला. पलंग आठ दिवस उघडा राहिला आणि नवव्या दिवशी कोणी त्याला हातच लावला नाही. घडीच्या टेबलाचं तर विचारूच नका. त्यावर एक पुस्तक असलं तरी ते मिटत नाही, आणि टेबलावर पुस्तक नाही असा दिवस आमच्याकडे उगवत नाही.

तेव्हापासून माझा एक हिशेब आहे. दिवसातून दोनदा हलवायची गोष्ट एका हातानं, त्यावरचं काही न उचलता हलली पाहिजे. दार, पडदा, खिडकीची झडप, एवढंच त्यात बसतं. वर्षातून दोनदा हलवायचं त्याला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागला तरी चालतो. दहा वर्षांनी बदलायचं त्याला सुतार बोलवा की, फक्त ते बोल्ट काढून सुटलं पाहिजे, फोडावं लागता कामा नये. आईचं येणं हे दुसऱ्या खान्यातलं. तुम्ही ते पहिल्या खान्यात टाकलंय आणि रोजची कसरत ओढवून घेतलीय.

सरकत्या भिंतींचं नाव निघालं की सगळे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचं श्रोडर घर दाखवतात. १९२४ चं, रीटवेल्ड या वास्तुरचनाकारानं केलेलं. वरचा मजला अख्खा मोकळा, भिंती सरकवल्या की खोल्या तयार. पण खालच्या मजल्यावर नेहमीसारख्या पक्क्या खोल्या आहेत, हे कोणी सांगत नाही. शिवाय ते घर ट्रूस श्रोडर या घरमालकिणीनं रीटवेल्डबरोबर बसून स्वतःच्या गरजेनं आखलेलं. ती १९८५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच राहिली.

आणि आवाज! माझी सरकती भिंत प्लायची, खाली बोटभर फट. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळतं. सासूबाई आल्या की रात्री आम्ही खुणांनी बोलतो. आता सरकती भिंत काढून तिथे कपड्यांची दोन उंच कपाटं पाठीला पाठ लावून ठेवणार आहे. कपड्यांनी भरलेलं कपाट आवाज बऱ्यापैकी खातं, आणि ती जमिनीला ठोकलेली नाहीत. फक्त वरून दोन बोल्टनी तुळईला बांधायची, नाहीतर कधीतरी अंगावर येतील.

ओळंबा

पायाचं सांगतो. उतार कापून सपाट करू नका. कापलेल्या बाजूला पाणी साठतं, भरलेल्या बाजूची माती वर्षानुवर्षं दबत राहते आणि घर या दोन्हींवर उभं. खांबांवर उचला.

झाडासाठी ढोबळ मोजमाप: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास घ्या, त्याला बारानं गुणा. तेवढ्या त्रिज्येत खणू नका, अवजड यंत्र फिरवू नका, माल रचू नका. बुंधा ४० सेंटिमीटर असेल तर ४.८ मीटर. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात, त्यामुळे "मूळ खोल गेलंय, काही होत नाही" हे ऐकू नका. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर खणणारा कधीच निघून गेलेला असतो.

मातीत पिळून घालायचे पोलादी खांब मिळतात, खाली स्क्रूसारखी पाती असते. नवीन फॅड नाही हे. अलेक्झांडर मिचेल नावाच्या अंध आयरिश अभियंत्यानं १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी वाळूत दीपगृहाचा पाया असाच घातला. खाली खडक असेल तर मात्र ते जात नाहीत, म्हणून आधी चार-पाच ठिकाणी सळई ठोकून बघा.

घराखाली माणूस रांगत जाईल एवढी जागा ठेवा. पाइप गळणार, आज ना उद्या. आणि वरच्या अंगाला पाणी वळवायला एक चर.

काटकोन

छोटं घर म्हणजे आपोआप टिकाऊ, पर्यावरणाला हलकं, हा गैरसमज आधी काढा. गणित करा. ६ बाय ६ मीटरचं घर, ३ मीटर उंच : जमीन ३६ चौरस मीटर, भिंती ७२. म्हणजे दुप्पट. १२ बाय १२ चं, तेवढंच उंच : जमीन १४४, भिंतीही १४४. छोट्या घरात एकेका चौरस मीटरमागे ऊन-थंडी आत घेणारी भिंत जास्त. आणि त्यात इंग्रजी एल आकार काढलात तर आणखी वाढेल. चौकोनी, आटोपशीर ठेवा.

वळचण

काटकोनदादा, गणित मान्य, निष्कर्ष अर्धाच. थंड हवेत आटोपशीर चांगलं. दमट उकाड्यात मला एका खोलीएवढं बारीक, लांब घर द्या, वारा आरपार जाणारं. ऑस्ट्रेलियात केम्प्सीजवळ ग्लेन मर्कट या वास्तुरचनाकाराचं मेरी शॉर्ट हाउस आहे, १९७५ चं, लांबट, जमिनीवरून उचललेलं. सुटं करून हलवता यावं असंच बांधलेलं आणि १९८० मध्ये वाढवलंही. बिऱ्हाड, तुमची हवा कशी ते लिहिलंच नाहीत!

एक राहिलं. पत्र्याचं छप्पर असेल तर हे वाचा. आमच्या पहिल्या थंडीत पहाटे उशीवर टप टप. गळतंय म्हणून मी शिडी लावून एकेक स्क्रू तपासला, वॉशर बदलले, डांबर फासलं. पुन्हा टप टप. बाहेर पावसाचा थेंब नाही! पुढल्या थंडीत उलगडा झाला : चार माणसांचा रात्रभरचा श्वास, ओले टॉवेल, वर गार पत्रा. पाणी आमचंच होतं. मग पत्र्याखाली उष्णतारोधक थर घेतला, थराखालून आतली दमट हवा पत्र्याला लागू नये म्हणून सांधे नीट बंद केले आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर बाहेर सोडणारा पंखा लावला. छोट्या घरात हवा थोडी असते, ती बाष्पानं चटकन भरते.

बिऱ्हाडपाठीवर

सगळ्यांचे आभार. हवा दमट, वळचणताई. चार महिने पाऊस, वारा बहुतेक ओढ्याकडून. म्हणजे लांबट घर, तोंड ओढ्याकडे.

पलंग पक्का केला. आईसाठी कपाटांची भिंत, ती वर्षातून दोनदाच हलेल. बाथरूम आणि ओटा आता एकाच भिंतीला पाठ लावून, म्हणजे पाइप एकाच ठिकाणी. ती भिंत कायमची, बाकी सगळं बोल्टवर.

संध्याकाळी टेप घेऊन खाली गेलो. सर्वांत जाड झाडाचा बुंधा ५५ सेंटिमीटर, म्हणजे ६.६ मीटर. नकाशात माझा कोपऱ्यातला खांब त्याच्यापासून चार मीटरवर आहे. लेकीनं तिथे काठी रोवली होती, ती उपटून आम्ही वर सरकलो. वरच्या दोन झाडांच्या मधे जेमतेम साडेचार मीटर रुंद पट्टा मोकळा सापडतोय. नकाशा परत काढायला घेतलाय.