दशावताराच्या रंगपटात फोटो काढायला जुनी मॅन्युअल लेन्स: १०५ मिमी, ८५ मिमी की आणखी काही?

माडाखालचो

नमस्कार मंडळी. मी कुडाळकडचा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्यांच्या मागे फिरतो, आणि खरं सांगायचं तर नाटकापेक्षा रंगपटातच जास्त रमतो. नट आपला चेहरा आपणच रंगवतात, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात काडी. संकासुराचा काळा वेष चढायच्या आधीचा आणि नंतरचा माणूस, किंवा मिशी काढून बसलेला राणीचा नट, असे चेहरे मला जवळून हवेत.

कॅमेरा फुजी एक्स-टी३०, सोबत आलेली १८-५५. लेन्स वाईट नाही, पण ५५ वर एफ/४ च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि रंगपटात एकच बल्ब असतो. बजेट पंधरा हजार. जुनी, धातूची, हाताने फोकस करायची लेन्स हवी आहे. वाचून वाचून यादी केली ती अशी: निक्कॉर १०५ एफ/२.५, ज्युपिटर-९ (८५ एफ/२), टाकुमार १३५ एफ/३.५. तुमची आवडती कोणती आणि का? ऑटोफोकसवाली नवीन घे असं सांगायला कृपया येऊ नका :)

रीळवाला

१०५ एफ/२.५. इथेच धागा बंद करा म्हटलं असतं, पण कारण विचारलंयस म्हणून सांगतो भावा.

निकॉनने ही १९५४ मध्ये आपल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी काढली. १९५९ मध्ये एफ कॅमेरा आला तेव्हा ती त्यावरही आली आणि पुढे कित्येक वर्षं निघतच राहिली. आधी आतल्या काचांची रचना झाइसच्या 'सोनार' (Sonnar) घराण्यातली होती, १९७१ पासून 'गाउस' नावाच्या दुसऱ्या पद्धतीची झाली. मी दोन्ही वापरल्यात. नंतरची जवळच्या अंतरावर जास्त चोख आहे. पूर्ण उघडली तरी पापणीचे केस वेगवेगळे दिसतात, आणि तरीही कातडी खरबरीत दिसत नाही. एआय-एस, म्हणजे हिची नंतरची आवृत्ती असेल तर हूड लेन्सवरच असतं, नुसतं बाहेर ओढायचं. फिल्टर ५२ चा, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आत. पूर्वी निकॉन एफएम या फिल्म कॅमेऱ्यावर होती, आता फुल फ्रेम मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटलवर) अ‍ॅडॉप्टर लावून वापरतो. कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानांचे फोटो सगळे हिच्यावर.

आणि ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते ना? पेशावरजवळची नासिर बाग छावणी, १९८४, छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी. कॅमेरा एफएम२, लेन्स हीच.

तिरपा_उजेड

काका, त्या एका फोटोमुळेच विक्रेते चढा भाव सांगतात. वर 'सोनारवाली ओरिजिनल, अफगाण गर्ल लेन्स' असं लिहून १९६० च्या दशकातली खपवतात. एफएम२ वर एआयच्या (निकॉनच्या नंतरच्या मीटर-जोडणीच्या) आधीच्या लेन्स बसतच नाहीत, तिथे गाउसवालीच होती. सोनारवाली चांगलीच आहे, पण तिचे पैसे तिच्या नावाने द्यावेत.

माडाखालचो, एक प्रश्न. रंगपट केवढा असतो?

माडाखालचो

रंगपट म्हणजे आपलं म्हणायचं. कधी देवळाची पडवी, कधी शेजारच्या घराची ओटी, कधी शाळेची खोली. दहा बाय बारा असेल, त्यात सात-आठ नट, त्यांच्या ट्रंका, मृदंगवाला, चहाची किटली. मी भिंतीला टेकून.

तिरपा_उजेड

वाटलंच होतं. मग तुमच्या यादीतलं काहीच घेऊ नका.

रागावू नका, हिशोब करून दाखवतो. तुमचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, दीडपट लहान. १०५ लावली की नजर १५७ ची, ८५ लावली की १२७ ची, १३५ तर २०० च्या पलीकडे. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर, चौकटीत बसवायचा तर १०५ ला पावणेतीन मीटरच्या वर मागे जावं लागतं. ८५ ला सव्वादोन. दहा फुटांच्या खोलीत ट्रंका वजा करा आणि बघा काय उरतं. रीळवाले काकांना फुल फ्रेमवर तेच १०५ ने पावणेदोन-दोन मीटरवरून मिळतं, म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं आहे.

तुम्हाला हवी ती ५५ ते ५८ च्या मधली. तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८५ सारखी वागते, आणि दीड मीटरवरून काम होतं. जुन्या एसएलआरसोबत अशा लेन्स भरमसाट निघाल्या, त्यामुळे मिळायला सोप्या आणि १०५ पेक्षा स्वस्त. माझी आवड मिनोल्टा रोक्कॉर ५८ एफ/१.४. ती मिळाली नाही तर टाकुमार ५५ एफ/१.८. सोव्हिएत हेलिओस ४४-२ पण ५८ चीच, एफ/२, आणि या तिघींत बहुधा सगळ्यांत स्वस्त.

रीळवाला

गणित बरोबर आहे. माझा आक्षेप एवढाच की चेहऱ्याची ठेवण लेन्सने ठरत नाही, अंतराने ठरते. दीड मीटरवरून नाक किंचित पुढे येतं, अडीचवरून चेहरा शांत बसतो. पण भिंत पाडता येत नसेल तर ५८ घे. १०५ सोडू मात्र नको. नाटक सुरू झालं की पहिल्या रांगेत बसून मंचावरच्या एकेका नटाला धरायला क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ती फार कामाची. दोन वेगळी कामं आहेत ही.

ज्युपिटरप्रेमी

कुणीच ज्युपिटरची बाजू घेत नाही म्हणून आलो.

लुडविग बेर्टेलेने झाइससाठी केलेली ८५ एफ/२ सोनार, युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी उचलली, ती ही. अ‍ॅपर्चरला (उजेड आत येतो त्या भोकाला) पंधरा पाती, त्यामुळे कितीही बंद करा, मागचे दिवे गोलच राहतात. पूर्ण उघडली की सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं होतं, एफ/४ ला तीच लेन्स चोख. म्हणजे एका पैशात दोन लेन्स. अ‍ॅपर्चर प्रीसेट: एका रिंगवर आकडा ठरवायचा, दुसरीने मऊ उघडझाप करायची, टक्-टक् नाही.

आता खोट. उघडा बल्ब चौकटीत आला की कॉन्ट्रास्ट जातो. जुनं ग्रीस सुकून फोकसची रिंग जड होते. आणि आजवर इतक्या हौशी हातांनी या लेन्स उघडल्यात की नीट न जुळवलेल्या खूप फिरतात. हातात घेऊन, पूर्ण उघडून, जवळ आणि लांब दोन्हीकडे फोटो काढून बघितल्याशिवाय घेऊ नये. अंतराचा मुद्दा मान्य, तुमच्या खोलीत बसणार नाही. माझं प्रेम बाजूला ठेवतो.

नाकानोकर

तोक्योहून. रोक्कॉर ५८ एफ/१.४ ला माझं पण मत. ती स्वस्त का, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, एम४२ चं (टाकुमार, हेलिओसची आट्यांची बैठक) ४५.४६, कॅनन ईओएसचं ४४, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. कमी अंतराची लेन्स जास्त अंतराच्या कॅमेऱ्यावर लावली की लांबचा फोकस मिळत नाही. डीएसएलआरच्या दिवसांत लोक म्हणून एम४२ च्या मागे लागले, आणि मिनोल्टा, एफडी, कोनिका कपाटात पडून राहिल्या. मिररलेस आल्यावर त्यांचं नशीब उघडलं. तुमच्या फुजीचं अंतर १७.७, मध्ये रिकामी नळी बसवली की कुठलीही चालते. इथे नाकानोच्या सेकंडहँड दुकानांत अजूनही या काचा जंकच्या टोपलीत सापडतात, पण जंक म्हणजे परत घेणार नाही, हे ध्यानात ठेवायचं.

एक धोक्याची सूचना. एफ/१.४ वर दीड मीटरवरून जेमतेम पावणेचार सेंटिमीटर भाग फोकसमध्ये राहतो. डोळा धरलात तर नाकाचा शेंडा गेला. आरशात बघणारा नट डुलत असतो, त्यामुळे एफ/२.८ धरून चाला, १.४ अगदीच अंधार असेल तेव्हा.

वसईचा_हौशी

माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. हेलिओस चालेल का? धागा पळवत नाही, एवढंच विचारतो.

तिरपा_उजेड

@वसईचा_हौशी, वरचे आकडे बघा. एम४२ चं अंतर निकॉनपेक्षा कमी. काच नसलेल्या अ‍ॅडॉप्टरवर जवळचे चेहरे निघतील, लांबचं काही फोकस होणार नाही. काचवाला अ‍ॅडॉप्टर लांबचा फोकस देतो आणि लेन्सची मजा घालवतो. तुम्ही सरळ जुनी निक्कॉर घ्या. डी५६०० वर एआयच्या आधीचीही न अडकता बसते, फक्त मीटर चालणार नाही. एक फोटो काढा, बघा, सुधारा.

गोलगोल

हेलिओसचा विषय निघालाच आहे तर, ती 'भोवरा फिरणारी पार्श्वभूमी' बघून कुणी घेणार असेल तर थांबा. भोवरा कडांना असतो आणि क्रॉप सेन्सर कडाच कापतो. शिवाय मागे तीन-चार मीटरवर झाडाची पानं वगैरे लागतात. देवळाच्या पांढऱ्या भिंतीपुढे काय फिरणार? तसंच ट्रायोप्लान या जुन्या लेन्सच्या 'साबणाच्या फुग्यांसारख्या' दिव्यांचं. मागे दिव्यांची माळ असेल तर जत्रेत ते फुगे दिसतील खरे, पण तीन काचांच्या लेन्सला आज जो भाव मागतात तो मला तरी पटत नाही.

बुरशीवैरी

लेन्सच्या नावावर एवढी चर्चा, पण कोकणात राहणाऱ्या माणसाने आधी बुरशीचं बघायला हवं. त्याच नावाच्या दोन लेन्समध्ये फरक पडतो तो गेली पन्नास वर्षं त्या कुठे होत्या याचा.

घेताना: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, पुढून बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पातळ धुकं दिसलं तर ते तेलाचं असू शकतं, निघतं. कडेला इंद्रधनुष्यी डाग म्हणजे चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात, तिथे हात जोडून निघा. बुरशी साफ करता येते, पण कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतो. पात्यांवर तेल बघा, फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्ये हिसका बसता कामा नये. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला हातात घेऊन बघता येतं, तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. परदेशातून मागवणार असाल तर कस्टमची रक्कम आधी धरा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'एकदम स्वच्छ' म्हणून घेतलेल्या लेन्समध्ये जाळं निघालं होतं, त्याने फोटो काढले होते ते सगळे पुढून, सरळ उजेडात.

आणल्यावर: चामड्याच्या पाकिटात कधीही ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठेवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरा. आणि वापरत राहा. कपाटातली लेन्स आधी खराब होते.

तुमच्या बाबतीत आणखी एक: रंगपटात सफेदा आणि पावडर हवेत असते. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, पुसायला तो बरा.

कोरी_करकरीत

"नवीन घे" म्हणायचं नाही असं लिहिलंय, पण "ऑटोफोकसवाली" हा शब्दही लिहिलाय, तेवढ्या फटीतून येतो. सेव्हनआर्टिझन्सची ५५ एफ/१.४ मॅन्युअल आहे, धातूची आहे, फुजीच्या बैठकीतच येते, अ‍ॅडॉप्टर नको, बुरशी नको. पळालो.

रीळवाला

पळ :)

माडाखालचो

सगळ्यांचे आभार. भिंतीला टेकून बसणारा माणूस १०५ घेऊन काय करणार होता देव जाणे. १८-५५ ला ५५ वर टेप लावून एका नाटकाला बसलो, नजर बरोबर तेवढीच हवी आहे हे पटलं. रोक्कॉर ५८ शोधतो, रीळवाले काकांची १०५ पुढच्या हंगामाला मंचासाठी.

दोन शंका. एक, एमसी आणि एमडी लिहिलेल्या मिनोल्टा लेन्सना अ‍ॅडॉप्टर वेगळे लागतात का? दोन, नटांचं लक्ष जाऊ नये म्हणून मी सायलेंट शटर वापरतो, पण नव्या एलईडी बल्बखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

नाकानोकर

बैठक एकच. एमडी-एफएक्स असा अ‍ॅडॉप्टर मागा. अगदी स्वस्त घेऊ नका, सैल असतो, फोकस करताना लेन्सच हलते. मेनूत 'शूट विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटरच पडणार नाही, आणि लेन्स खराब आहे असं वाटून तुम्ही इथे नवा धागा काढाल. फोकससाठी पीकिंगपेक्षा (कॅमेरा फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतो ते) चित्र मोठं करून डोळा बघा. १.४ वर पीकिंग सगळंच रंगवतं.

तिरपा_उजेड

पट्ट्यांचं कारण इलेक्ट्रॉनिक शटर. आपली वीज ५० हर्ट्झची, बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि ते शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. रंगपटात मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० ठेवा. आवाज होतो, पण बाहेर मृदंग आणि झांज चालू असताना तो कुणाला ऐकू जातोय?

बुरशीवैरी

फिल्टर घेताना बघा, रोक्कॉर ५८ एफ/१.४ ला ५५ मिमीचा लागतो. तुमच्या १८-५५ चा ५८ चा आहे, तो बसणार नाही.